हेन्झेल-ग्रेटेलच्या आईचं काय झालं

मागच्या डिसेंबरात आमच्या किचनमधे एक घर कोसळलं. जीवितहानी नाही, एक जेलीचं अस्वल तेवढं छपराखाली गेलं.

तर झालं असं की लेकीच्या किटात, किटा म्हणजे इथली, जर्मनीतली बालवाडी, सगळ्या पोरांकडे घरी हेक्सनहाउस झालं होतं आणि आमच्याकडेच नव्हतं. हेक्सनहाउस म्हणजे चेटकिणीचं घर, तेच ते हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतलं, खायचं घर. आता पाच वर्षांची बाई हा अन्याय किती दिवस सहन करणार, शेवटी एका रविवारी बसले मी पीठ मळायला. हे पीठ लेबकुखनचं, म्हणजे मध, साखर, मैदा आणि मसाला, आणि ते मसाल्याचं पाकीट फोडलं ना की दोन मिनिटं नुसतं वास घेत उभं राहावंसं वाटतं, दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, सुंठ आणि चक्क धणे! गोड बिस्किटात धणे घालणारे लोक मी पहिल्यांदा इथेच बघितले. फुगायला मात्र जुन्या पद्धतीत हिर्शहॉर्नझाल्त्स नावाची पांढरी पूड घालतात, शब्दशः हरणाच्या शिंगाचं मीठ, पूर्वी खरंच शिंगांपासून काढायचे, आता फॅक्टरीत बनतं. ओव्हन तापला आणि अमोनियाचा असा काही भपका सुटला की नवरा उठून बाथरूम बघून आला.

भिंती झक्क झाल्या. घात केला आयसिंगने. अंड्याचं पांढरं आणि पिठीसाखर, एवढंच ते प्रकरण, पण साखरेचं माप वाचून माझ्यातली मराठी आई जागी झाली, एवढी साखर कशाला मेली, म्हणून मी निम्मीच घातली, आणि ती साखर गोडीला नसून सिमेंट म्हणून असते हे छप्पर घसरायला लागल्यावर कळलं.

हे सगळं चालू असताना चिऊ टेबलाखाली बसून किटात शिकवलेलं गाणं म्हणत होती. हेन्झेल आणि ग्रेटेलचंच (आपण हॅन्सेल म्हणतो, इथे हेन्झेल म्हणतात, आता तोंडात तेच बसलंय). शंभरेक वर्षांपूर्वीचं गाणं आहे आणि इथल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना येतं. अर्थ असा की हेन्झेल आणि ग्रेटेल रानात वाट चुकले, मिट्ट अंधार होता, कडाक्याची थंडी होती, मग त्यांना मसालेदार केकचं छानसं घर दिसलं, वगैरे. मी आधी शंभर वेळा ऐकलं असेल हे, पण त्या दिवशी हातात घसरतं छप्पर धरून उभी होते, हलता येत नव्हतं, त्यामुळे नीट ऐकलं. "फेरलीफन झिश". वाट चुकले. आणि जर्मनच्या क्लासमधे घोटून घेतलेलं आठवलं की हे 'झिश' वालं क्रियापद, म्हणजे स्वतःच स्वतःचं केलेलं. व्याकरणाने बघायचं तर चूक पोरांची.

पण ती पोरं चुकली नव्हती हो! त्यांना सोडून दिलं होतं.

गोष्ट सगळ्यांना माहितीये, तरी तो भाग परत सांगते, कारण आपण लहानपणी ऐकताना तो पटकन उरकून मिठाईच्या घराकडे पळतो. मोठ्या रानाच्या कडेला एक गरीब लाकूडतोड्या, बायको, दोन पोरं. हेन्झेल म्हणजे हान्सचं लाडाचं, ग्रेटेल म्हणजे मार्गारेटेचं, तेव्हाची घराघरातली नावं, आपल्याकडे गण्या आणि ठकी म्हणावं तशी. घरात खायला नाही. रात्री पोरं भुकेने जागी आहेत आणि पलीकडे आईबाप बोलतायत. बायको म्हणते उद्या पोरांना एकेक भाकरीचा तुकडा देऊन रानात सोडून येऊ. नवरा म्हणतो माझ्याच्याने होणार नाही. ती म्हणते, मग चौघं मरू, तू आपला शवपेट्यांच्या फळ्या तासायला घे. आणि तो तयार होतो! दुसऱ्या दिवशी रानात शेकोटी पेटवून देतात, पोरांना सांगतात आम्ही जवळच लाकडं तोडतोय, आणि पोरांना दिवसभर कुऱ्हाडीचा आवाज येत राहतो, म्हणून ती निवांत झोपतात. ती कुऱ्हाड नसतेच. बापाने एक फांदी वाळक्या झाडाला बांधून ठेवलेली असते, वाऱ्याने ती आपटत असते.

मला चेटकिणीपेक्षा त्या फांदीची भीती वाटते. एखादा माणूस रडत रडत पोरं सोडून आला असं म्हटलं तर समजू शकते, पण फांदी शोधायची, दोरी घ्यायची, आवाज बरोबर येतोय का बघायचं... आणि हाच बाप शेवटी पोरांना गळ्याशी धरतो आणि सगळे सुखाने राहतात. बापाला कुणी काही म्हणत नाही. आईचं काय होतं त्याच्याकडे येते.

आम्ही राहतो ते कासल म्हणजे ही गोष्ट पुस्तकात छापणाऱ्या ग्रिम बंधूंचंच गाव. जन्म त्यांचा हानाऊचा, याकोब १७८५ चा आणि विल्हेल्म १७८६ चा, पण बाप १७९६ मधे गेला, सहा पोरं आणि आई, मग आईची बहीण कासलच्या दरबारात होती तिच्या आधाराने हे दोघे इकडे शिकायला आले आणि गोष्टी गोळा केल्या त्या इथेच. जुनं गाव मात्र काही उरलं नाहीये, ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बिंगमधे गेलं, त्यामुळे त्यांची गल्ली बघायला म्हणून कुणी आलं तर मी थेट टेकडीवरच्या ग्रिमवेल्ट म्युझियममधे नेते. २०१५ ला उघडलंय, पाहुणे आले की आमची ठरलेली ट्रिप. तिथे त्यांच्या शब्दकोशाचंही दालन आहे. १८३८ मधे हाती घेतलेला जर्मन शब्दकोश, म्हातारपणी याकोब 'फ' पर्यंत पोचला, 'फ्रुख्ट' म्हणजे फळ ह्या शब्दावर असताना १८६३ मधे वारला, आणि पुढच्या पिढ्यांनी तो १९६१ मधे पूर्ण केला. सरकारी कामाला वेळ लागतो म्हणून वैतागणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

पण मला बघायची असतात ती गोष्टींची पुस्तकं, त्यांच्या स्वतःच्या वापरातली. मंद उजेड, काच, आत छापील पान, आणि छापील ओळींच्या कडेला बारीक शाईतली टिपणं. हीच पुस्तकं युनेस्कोच्या यादीत आहेत. आणि ही टिपणं बघितली की आपला तो समज, की हे दोन भाऊ गावोगाव फिरून म्हाताऱ्या शेतकरणींकडून जशाच्या तशा गोष्टी लिहून घेत होते, तो पार उतरतो. बऱ्याच गोष्टी त्यांना सांगितल्या शहरातल्या, शिकलेल्या, विशी-बाविशीच्या मुलींनी, त्यातल्या काहींच्या घरी तर फ्रेंच बोलायचे. समोरच्या औषधाच्या दुकानवाल्याच्या, म्हणजे विल्ड कुटुंबाच्या पोरी ह्यात आघाडीवर. चेटकीण आतून विचारते ना, कुरुम कुरुम कोण खातंय, माझं घर कोण कुरतडतंय, आणि पोरं उत्तर देतात "वारा वारा, आभाळाचं लेकरू", ते उत्तर त्यातल्या डॉर्टशन विल्डने जानेवारी १८१३ मधे सांगितलं, म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर! विल्हेल्मने आपल्या प्रतीत तारखेसकट टिपून ठेवलंय. तारीख का लिहिली असेल ते तुम्हीच ठरवा, १८२५ मधे लग्न केलं त्याने तिच्याशी.

आता मुद्द्याचं. ह्या गोष्टीची सगळ्यात जुनी लिहिलेली प्रत १८१० ची आहे. भावांनी ती मित्राला, ब्रेन्टानो नावाच्या कवीला पाठवली, त्याने परत केली नाही, ह्यांनी आपल्याकडची टाकून दिली, आणि ब्रेन्टानोचे कागद पुढे आल्सासमधल्या एका मठात सापडले, म्हणून आपल्याला ती वाचायला मिळते. मित्राला दिलेलं पुस्तक परत येत नाही ह्याचा साहित्याला झालेला एवढा एकच फायदा मला माहिती आहे. त्यात पोरांना नावंही नाहीत, नुसतं छोटा भाऊ आणि छोटी बहीण. मग १८१२ च्या डिसेंबरात पहिलं पुस्तक आलं, ९०० प्रती, चित्रं नाहीत, वर विद्वान टिपा, लहान मुलांचं पुस्तक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. ह्या दोन्ही ठिकाणी पोरांना रानात सोडा म्हणणारी बाई त्यांची आई आहे. सख्खी आई.

आणि मग १८४० ची, चौथी आवृत्ती येते, आणि तिच्यात ती सावत्र झालेली असते.

कुणी नवीन गोष्ट सांगितली, नवीन पुरावा मिळाला, असं काही नाही. विल्हेल्मने केलं ते. तोपर्यंत हे पुस्तक घराघरात पोरांना वाचून दाखवायचं पुस्तक झालं होतं आणि वाचून कोण दाखवणार, आयाच, मग त्या आईने मांडीवरच्या पोराला काय वाचून दाखवायचं? हिमगौरीचंही तेच केलंय त्यांनी, १८१२ मधे हिमगौरीला मारायला माणूस पाठवणारी तिची स्वतःची आई आहे, १८१९ मधे सावत्र. ह्या दोघांची आई १८०८ मधे गेली होती, त्या दुःखातून आईला हात लावायचा नाही असं झालं असेल असंही अभ्यासक म्हणतात. मान्य की बाळंतपणात बायका भराभर जायच्या आणि सावत्र आया घरोघरी असायच्या, अन् त्यांच्यातल्या काही वाईटही असतील, इटलीतल्या बाझिलेच्या सतराव्या शतकातल्या अशाच गोष्टीत सावत्र आईच आहे, तिथे बाप वाटेवर राख आणि कोंडा सांडत जातो. पण ही बाई मूळची सावत्र नव्हती, तिला लिहिता लिहिता सावत्र केलं. मला ह्यात जगभरच्या सावत्र आयांबद्दल फार वाईट वाटतं, कुणाचं तरी पाप त्यांच्या नावावर टाकायचं एवढंच त्यांचं काम.

शेवटच्या, १८५७ च्या आवृत्तीत तर अजून एक बारीक गंमत आहे. ती आई सकाळी पोरांना उठवताना म्हणते "उठा आळशांनो", आणि पुढे ती चेटकीण ग्रेटेलला उठवते तेव्हा तिच्या तोंडी तेच, "ऊठ गं आळशे". दोघींचा शब्द एक. आणि चेटकीण भट्टीत जाते, पोरं घरी येतात, तोवर घरी आईही मेलेली असते. म्हणजे आधी आई, मग सावत्र आई, मग सावत्र आई आणि चेटकीण जवळजवळ एकच, आणि शेवटी ते माझ्या लेकीचं गाणं, त्यात आईही नाही बापही नाही, पोरं आपली आपणच वाट चुकली. मधे १८९३ मधे ऑपेराही झाला, हुम्परडिंकचा, दरवर्षी ख्रिसमसला सगळीकडे लागतो, त्यात आई दुधाचं भांडं फुटलं म्हणून चिडून पोरांना स्ट्रॉबेऱ्या वेचायला पिटाळते आणि मग काळजीने वेडी होते. अशी ही आई धुऊन धुऊन स्वच्छ केलेली.

आणि ह्या सगळ्या धुण्यात जे निघून गेलं ते म्हणजे भूक.

मी जर्मन नीट वाचायला लागल्यावर मूळ गोष्ट काढली आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले. त्यात वाक्य आहे की देशात मोठी "टॉयरुंग" आली आणि लाकूडतोड्याला रोजची भाकरी मिळवता येईना. माझ्याकडच्या इंग्लिश भाषांतरात तिथे दुष्काळ म्हटलंय. पण टॉयर म्हणजे महाग. टॉयरुंग म्हणजे महागाई! जसाच्या तसा आपला शब्द. आणि विचार केला तर तोच बरोबर शब्द आहे, लाकूडतोड्याकडे जमीन कुठे होती पीक जळायला किंवा वाहून जायला, तो लाकडं विकून धान्य विकत घेणारा माणूस, धान्य बाजारात असेलही, त्याला परवडत नाहीये. आपल्या लाकूडतोड्याला निदान नदीतून देवी येऊन सोन्याची कुऱ्हाड तरी देते.

अशा महागाया युरोपात येतच होत्या. सगळ्यात मोठी १३१५ ते १३१७ ची, पाऊस थांबेचना, पिकं शेतातच कुजली, मीठ सुकेना, त्या वेळच्या नोंदींमधे पोरं टाकून देणं आणि माणसं माणसांना खाणं, दोन्ही येतं. बरेच लोक छातीठोकपणे सांगतात की ही गोष्ट तिथूनच आली, पण तिथपासून १८१० पर्यंत जोडणारा कागद कुठला दाखवणार, त्यामुळे मी तेवढं ठाम म्हणणार नाही. एवढं मात्र आहे की फ्रान्समधे १६९३-९४ ला भयंकर दुष्काळ पडला आणि १६९७ मधे पेरो ह्या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकात अंगठ्याएवढ्या पोराची गोष्ट आली, तिच्यातही गरीब लाकूडतोड्या, सात पोरं, दुष्काळ आणि रानात नेऊन सोडणं. आणि ग्रिमांच्या वाचकांना सुद्धा ही लांबची गोष्ट नव्हती, १८१५ मधे तिकडे इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही, पिकं गेली, १८१७ मधे जर्मनीत लोकांनी पिठात भुसा मिसळून पाव भाजले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८१९ ची. ती विकत घेणाऱ्या घरात तो पाव कुणाला आठवत नसेल?

आणि आता घर बघा. मी रविवार घालवून केलेलं लेबकुखनचं घर मूळ गोष्टीत नाहीच! ग्रिमांच्या गोष्टीत ते घर ब्रेडचं आहे. भिंती पावाच्या, छप्पर केकचं, खिडक्या पांढऱ्या साखरेच्या. लेबकुखन नंतर चिकटलं, ख्रिसमसच्या बाजारातून, आणि पोट भरलेल्या लोकांनी चिकटवलं असं माझं मत. कारण तीन दिवस उपाशी पोराला स्वप्नात आधी काय दिसेल, चॉकलेट? त्याला भिंतच्या भिंत भाकरीची दिसेल.

भट्टीचंही मला कोडं होतं, की एक अख्खी म्हातारी ओव्हनमधे मावते कशी. माझ्या डोळ्यासमोर आपला भिंतीतला ओव्हन, ट्रे काढला तरी फार तर कोंबडी. मग इथून जवळच्या एका खेड्यात बाकहाउस बघितलं, बाकहाउस म्हणजे गावाची मिळून पाव भाजायची भट्टी, छोटं दगडी घरच असतं, हेसनमधल्या बऱ्याच खेड्यांत अजून आहेत आणि वर्षातून काही दिवस पेटवतात. आत आधी लाकडं जाळतात, मग निखारे ओढून बाहेर काढतात, ओल्या फडक्याने तळ पुसतात, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून एकेक पाव आत सरकवतात. मी वाकून बघितलं तर आत काळोख, चार माणसं आडवी झोपतील एवढा. तोंडाशीच असा झोत की चष्मा तापला. १८१२ च्या गोष्टीत चेटकीण ग्रेटेलला सांगते की फळीवर बस, मी तुला आत सरकवते, पाव झालेत का बघ. ती फळी मी त्या दिवशी हातात धरली, पीठ लागलेली, कडेला जळालेली. ग्रेटेल म्हणते मला जमत नाही, तू करून दाखव ना. पुढचं माहितीच आहे.

जाता जाता एक, कारण हे फॉरवर्ड तुमच्याकडे येईलच कधीतरी. की म्हणे हेन्झेल आणि ग्रेटेल खरे होते, मोठी माणसं होती, भाऊ-बहीण बेकर, आणि लेबकुखनच्या रेसिपीसाठी त्यांनी एका बिचाऱ्या बाईचा खून केला, एका जर्मन संशोधकाने जळक्या भट्टीसकट तिचं घर खणून काढलं. हे १९६३ मधलं पुस्तक आहे, हान्स ट्राक्सलर ह्या व्यंगचित्रकाराने गंमत म्हणून लिहिलेलं, फोटो, नकाशे, उत्खनन सगळं बनावट, तो संशोधकही बनावट. पेपरवाल्यांनी तेव्हा खरं मानलं आणि इंटरनेट अजून मानतंय.

हं, तर ते पडलेलं घर. संध्याकाळी आजीला व्हिडिओ कॉल लावला, माझ्या आईची आई, बीड जिल्ह्यातल्या गावाकडे असते, पंच्याऐंशीच्या पुढे, कान एकदम तिखट, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. चिऊला तिच्याकडून एकच गोष्ट ऐकायची असते, भोपळ्यातली म्हातारी. चल रे भोपळ्या टुणुक टुणुक. आणि त्या दिवशी आजी सांगत होती की वाघोबा म्हणतो तुला खातो, म्हातारी म्हणते अरे आत्ता काय खातोस हाडं, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग खा, आणि चिऊ मधेच म्हणाली, हे तर हेन्झेल सारखं आहे! बरोबरच की. तिकडे चेटकीण हेन्झेलला कोंडून खाऊ-पिऊ घालते, रोज बोट चाचपून बघते, आणि तो बोटाऐवजी हाड पुढे करतो. खाणाऱ्याला थोपवायचं तर जाड होईपर्यंत थांब म्हणायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच. फक्त आमची म्हातारी भोपळ्यात बसून सुटते आणि त्यांची म्हातारी भट्टीत जाते.

आजी म्हणाली कोण हेन्झेल. मग मी तिला गोष्ट सांगितली, बीडला कळेल अशी करून. ती मधे काही बोलली नाही, म्हणजे हुंकार देत होती. चेटकिणीचं घर, भट्टी, मोती-हिरे घेऊन पोरं परत आली, बाप भेटला, आई मेलेली होती, संपली गोष्ट. मला वाटलं आता भट्टीबद्दल काही बोलेल, एकेकाळी जळणं गोळा करून चूल पेटवलेली बाई.

म्हणाली, "माय कशानं मेली?"

मी म्हटलं आजी, लिहिलेलं नाहीये. खरंच नाहीये, मी परत जाऊन बघितलं, बायको मात्र मेली होती एवढं एकच वाक्य आहे.

"भुकंनं मेली आसंल," आजी म्हणाली. "दुसरं काय. घरात चार भाकरी आसतेत तवा शेवटी कोण खातंय? पोरं गेली म्हून काय तिला भाकर भेटली आसंल व्हय? नवऱ्याला वाढली आसंल."

दोनशे वर्षांत एवढ्या विद्वानांनी ह्या गोष्टीवर लिहिलंय, आई आणि चेटकीण एकच, म्हणून दोघी एकदम मरतात वगैरे वगैरे, मीही वर तेच सांगितलं. हे मात्र मी कुठे वाचलेलं नव्हतं.

मग ती बाहत्तरच्या दुष्काळावर गेली. ते आम्ही लहानपणापासून ऐकलंय, दुष्काळी कामावर खडी फोडायची, मिलो म्हणजे ती लाल ज्वारी, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या, कामावर सुकडी मिळायची ती पदरात बांधून पोरांना आणायची. पण त्या दिवशी नवीन निघालं ते हे, की तेव्हा तिने तिच्या मोठ्या लेकीला, म्हणजे माझ्या आईला, भावाकडे नेऊन ठेवलं होतं, तिकडे विहिरीला पाणी होतं. वर्ष-सव्वा वर्ष. "मागं वळून बघितलं न्हाई मी," म्हणाली, "बघितलं आस्तं तर ती मागं पळत आली आस्ती. भाऊजय म्हणली सांगू का वन्सं हळदीला गेल्या म्हून, सांजच्याला येतील. म्हणलं सांग."

माझ्या आईने आम्हाला नेहमी सांगितलंय की ती दुसरीत असताना मामाकडे होती, कारण तिथली शाळा चांगली होती.

मी आजीला म्हटलं, आई तर म्हणते शाळेसाठी. आजी म्हणाली, "शाळा कुठली माय," आणि तेवढ्यात चिऊने फोन ओढून घेतला कारण तिला पडलेलं छप्पर दाखवायचं होतं, त्याखाली अडकलेलं अस्वल दाखवायचं होतं, आणि गाणं म्हणायचं होतं. म्हटलं तिने, अख्खं, हातवारे करून. आजीला अक्षर कळलं नाही, तरी टाळ्या वाजवल्या. काय म्हणतीय गं लेकरू, मला विचारलं. मी म्हटलं, दोन पोरं रानात वाट चुकली म्हणतेय. आजी हं म्हणाली. मग म्हणाली ते घर पडलं तर पडलं, टाकू नका, खाऊन घ्या.

लेबकुखन दोन आठवड्यांत दगड होतं पण चहात बुडवलं की झकास लागतं, धण्यांसकट. छप्पर आधी संपलं, भिंती जानेवारीपर्यंत पुरल्या. आईशी रोज फोन होतो. मामाकडच्या शाळेचा विषय मी अजून काढलेला नाही.